श्मिट हॅमर, एन टाइप: रीडिंगवर भरवसा, अंगावरच्या आलेखावर नाही

काँक्रीट न फोडता त्याचा अंदाज घ्यायचा म्हटलं की साइटवर पहिल्यांदा पेटीतून निघतो तो रिबाउंड हॅमर: प्लंजरमधून (पुढच्या दांड्यातून) काँक्रीटवर फटका मारून आतलं वजन किती उसळून परततं ते मोजणारं यंत्र. इथे बोलतोय ते साध्या, स्प्रिंगच्या, बॅटरी न लागणाऱ्या एन टाइप श्मिट हॅमरबद्दल. फटक्याची ऊर्जा 2.207 न्यूटन-मीटर, नेहमीच्या बांधकामाच्या काँक्रीटसाठी. एल टाइपची ऊर्जा याच्या एक तृतीयांश, 0.735, ती 100 मिमीपेक्षा पातळ भागांसाठी किंवा दगडासाठी घ्यावी. पातळ भागावर एन चालवला तर तो भागच फटक्यासरशी थरथरतो आणि रीडिंग खाली येतं.

यंत्र उत्तम आहे, हे आधीच सांगतो. पण ते मोजतं पृष्ठभागाचा कठीणपणा, काँक्रीटची ताकद नव्हे. साधारण वरच्या 30 मिमीच्या पलीकडे, खोलवर काय आहे, याचा त्याला पत्ता नसतो. कॉलमच्या पोटात हनीकोंब (पोकळ्या राहिलेलं काँक्रीट) असला तरी वरून रीडिंग झकास येऊ शकतं. म्हणून याचा खरा उपयोग तुलनेसाठी: एकाच मिक्सच्या वीस कॉलमांत कोणते दोन मागे पडलेत आणि कोअर (तपासणीसाठी कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) कुठे काढायचा, हे तो अर्ध्या दिवसात दाखवतो. त्या कामात याच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही.

सोबत घासायचा दगड येतो, तो पेटीत राहू देऊ नका. शटरिंगच्या फटींचे उंचवटे, लेटन्सची (वर तरंगून आलेल्या सिमेंटच्या कमकुवत थराची) पांढरी भुकटी, प्लास्टरचे अंश आधी घासून काढायचे. एएसटीएम सी 805 या अमेरिकन मानकाप्रमाणे एका जागी दहा फटके, प्रत्येक बिंदूत किमान 25 मिमी अंतर. वर 20 मिमीपेक्षा कमी कव्हर (काँक्रीटचा थर) असलेल्या सळईवर मारू नये. प्लंजर टेकवायचा, हॅमर पृष्ठभागाला काटकोनात धरून सावकाश दाबत न्यायचा, फटका बसेपर्यंत दाब एकसारखा. झटका देऊन दाबणं आणि हात तिरका होणं, दहातली निम्मी वाईट रीडिंग यातूनच येतात. फटका बसला की बटण दाबून पट्टीवरचा काटा अडकवायचा आणि मग डोळा पट्टीसमोर आणून वाचायचं. फटक्याची खूणही बघा. खड्डा पडला किंवा कपची उडाली तर खाली पोकळी होती, ते रीडिंग धरू नये.

समजा रीडिंग आली 34, 36, 35, 33, 44, 36, 34, 35, 37, 36. सरासरी 36. सरासरीपासून 6 पेक्षा जास्त दूर असलेलं रीडिंग काढायचं, म्हणजे 44 गेलं. तिथे नेमकी खडी लागलेली असणार. उरलेल्या नऊची सरासरी 35.1, हाच त्या जागेचा रिबाउंड नंबर. अशी दोनपेक्षा जास्त रीडिंग निघाली तर अख्खा संच रद्द करून शेजारी नवी जागा घ्यायची. सोयीचे आकडे ठेवून बाकीचे खोडणं हा कामाशी अप्रामाणिकपणा आहे.

हॅमरच्या अंगावर ताकदीचा आलेख चिकटवलेला असतो. सगळी दिशाभूल तिथून सुरू होते. तो साधारण 14 ते 56 दिवसांच्या, कोरड्या, गुळगुळीत काँक्रीटसाठी आहे. जुन्या काँक्रीटवर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कवच कडक होतं आणि आलेखावरची ताकद खऱ्यापेक्षा दीडपटीपर्यंत दिसू शकते. ओला पृष्ठभाग उलट कमी दाखवतो. दिशाही मोजा: स्लॅबच्या खालून वर मारलं तर परतणाऱ्या वजनाला गुरुत्वाकर्षण साथ देतं, आकडा वाढतो, जमिनीवर मारलं तर घटतो. आडव्या फटक्याशी तुलना करताना दुरुस्ती लावलीच पाहिजे. आपल्याच मिक्सच्या क्यूबवर (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या घनावर) आलेख बनवा, क्यूब दाब यंत्रात सुमारे 7 न्यूटन प्रति चौरस मिमी दाबाखाली घट्ट धरून. सुटा क्यूब हलतो आणि रीडिंग पडतं. इतकं करूनही प्रत्यक्ष बांधकामातल्या ताकदीचा अंदाज ±25 टक्क्यांत आला तरी तो चांगलाच म्हणायचा. अहवालात फक्त "एम 25 पास" (25 न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं काँक्रीट) लिहिणाऱ्याने हा आकडा आठवावा.

डिजिटल सिल्व्हर श्मिट घ्यावा का? तो फटक्याआधीचा आणि नंतरचा वेग मोजतो, त्यामुळे दिशेची दुरुस्ती लागत नाही, आणि नोंद आपोआप होते. रोज शेकडो फटके असतील तर पैसे वसूल. मात्र त्याचा क्यू नंबर आणि जुना आर नंबर, म्हणजे वरचा रिबाउंड नंबर, एक नव्हेत. एकाचा आलेख दुसऱ्याला लावू नये.

देखभाल सोपी, पण टाळली की आकडे हळूहळू घसरतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सिमेंटची धूळ आत जाऊन गाइड रॉडवर, म्हणजे आतलं वजन ज्यावर सरकतं त्या दांड्यावर, बसते. स्वच्छ करून रॉडला पातळ तेलाचा एखादाच थेंब. काट्याला तेल अजिबात नाही, तो घर्षणावरच जागी थांबतो. पेटीत ठेवताना फटका मारून प्लंजर बटणाने आत अडकवायचा. कामाआधी आणि नंतर 16 किलोच्या पोलादी ॲन्व्हिलवर (तपासणीच्या ऐरणीवर) तपासा, रीडिंग 80 ± 2 हवं. मात्र 80 बरोबर आलं म्हणून 30 च्या आसपासही तो बरोबर वाचतो असं धरू नये. हाताशी एक चांगला हॅमर असेल तर त्याच काँक्रीटवर दोन्ही चालवून पाहणं उत्तम.

जुना हॅमर घेत असाल तर ॲन्व्हिलशिवाय सौदा करू नका. प्लंजरचं टोक झिजून सपाट झालंय का ते बघा, आणि हॅमर उभा-आडवा फिरवून काटा आपोआप सरकतो का तेही. सरकत असेल तर त्याची रीडिंग प्रत्येक वेळी वेगळी येणार.