कॉपर मोजायचा डिजिटल मीटर: मीटर उत्तम, पुडीने वैताग (दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर)

समुद्री माशांच्या परजीवी रोगावर पाण्यात कॉपर म्हणजे तांब्याचं औषध घालतात, ते पाण्यात किती आहे हे हा मीटर सांगतो. मीटर चांगला आहे, मोजताना टाकायच्या रसायनाची पुडी वाईट आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे पुडीबद्दल बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की घेऊच नये. घ्या. ज्याच्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये यापुढे एक जरी नवा मासा येणार असेल त्याने घ्यावाच.

हाय रेंजचा, 0 ते 5 पीपीएम (दहा लाखात किती भाग) मोजणारा, मुठीत मावणारा कलरीमीटर, म्हणजे पाण्याच्या रंगावरून प्रमाण सांगणारं यंत्र. कुपीत टँकचं पाणी भरायचं, झीरो करायचं, रिएजंटची (रंग आणणाऱ्या रसायनाची) पुडी टाकून हलवायचं, मीटरचे उलटे आकडे संपले की रीडिंग. बाकी माहिती सगळ्यांना आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही.

दिवाळीच्या सुमारास कुर्ल्याहून पावडर ब्लू टँग आणला. हा मासा ज्यांनी पाळलाय त्यांना पुढचं सांगायला नको, व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे दाणे आणणारा परजीवी रोग) पहिला यालाच धरतो. माझ्याकडे नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये जात नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत जागा ती किती, तरी गॅलरीत नवा मासा वेगळा ठेवायचा एक लहान क्वारंटाइन टँक कायम भरलेला असतो: वाळू नाही, लाइव्ह रॉक (समुद्री दगड) नाही, फक्त पीव्हीसीचे तुकडे, स्पंज फिल्टर आणि हीटर. तिथे काही दिवसांतच त्याच्या परांवर मिठाचे कण दिसायला लागले. दुकानात फोन केला.

“काका, टेन्शन नका घेऊ. मिथिलीन ब्लू टाका, नोरीला, त्या वाळक्या समुद्री शेवाळाला, लसणाचा रस लावून द्या. चार दिवसांत दाणे जातात.”

दाणे खरंच चार दिवसांत जातात. काहीही न टाकताही जातात. व्हाइट स्पॉटचा हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीखाली साधारण 3 ते 7 दिवस खातो, भरतो आणि आपणहून गळून खाली पडतो. मासा स्वच्छ दिसतो आणि श्रेय लसणाला मिळतं. खाली पडलेला जीव कवच करून बसतो, आत शेकडो पिल्लं तयार होतात आणि ती सगळी एकदम बाहेर पडत नाहीत. काही कवचं तिसऱ्या दिवशी फुटतात, काही पार 72व्या दिवसापर्यंत थांबल्याची नोंद आहे. म्हणून तर मोठ्या टँकमध्ये रोग शिरला तर तो 76 दिवस माशांविना रिकामा ठेवायचा सल्ला देतात. दुकानदाराच्या चार दिवसांनंतर पुन्हा दाणे येतात तेव्हा ते आधीच्या कितीतरी पट असतात, आणि मग तोच दुकानदार म्हणतो, तुमच्या पाण्यातच काहीतरी गडबड आहे. या सल्ल्यापायी किती टँग मेले असतील याचा विचार केला तरी संताप येतो.

कॉपर या जीवाला फक्त एकाच अवस्थेत मारतं: कवचातून निघून नवा मासा शोधत पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हा. कातडीखाली असताना कॉपर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कवचात असताना तर नाहीच. त्यामुळे डोस दिला आणि झालं, असं या उपचारात नाही. पाण्यातलं प्रमाण दिवसरात्र एका पट्ट्यात टिकवावं लागतं. मध्येच एक दिवस खाली घसरलं तर त्या दिवशी निघालेली पिल्लं माशावर चढतात आणि उपचाराच्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. वर गेलं तर मासा खाणं सोडतो, श्वास वाढतो, यकृतावर परिणाम होतो. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंना बांधलेल्या) कॉपरच्या बाटल्यांवर साधारण 1.5 ते 2 पीपीएम लिहिलेलं असतं आणि अनुभवी लोक 2 ते 2.5च्या मध्ये ठेवतात. साध्या आयोनिक (न बांधलेल्या) कॉपरचा पट्टा तर 0.15 ते 0.25 एवढाच.

आता हा पट्टा थेंबांच्या किटने मोजून बघा. रंगाचं कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं की 1.5 आणि 2 मला सारखेच दिसतात. दिवसा गॅलरीत वेगळे, रात्री वेगळे. बायकोला दाखवलं तर ती तिसराच रंग सांगते. मीटरवर 1.78 असा आकडा येतो आणि वाद संपतो. पहिल्यांदा असं रीडिंग आलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. बाटलीतलं औषध स्वस्त आहे, ते पुरेसं आहे की नाही हे कळणं महाग आहे, आणि पैसे त्यासाठी मोजायचे. मला मीटर साडेसहा हजारांच्या घरात पडला. पावडर ब्लूची किंमत ज्यांना माहीत आहे त्यांनी स्वतःच हिशोब करावा.

घेण्याआधी एक गोष्ट नीट वाचा, विकणारे सांगत नाहीत. याची अचूकता ±0.05 पीपीएम आणि वर रीडिंगच्या 5 टक्के. म्हणजे 2.00 दिसलं तर खरं पाणी 1.85 ते 2.15 मध्ये कुठेही असू शकतं. चिलेटेडसाठी एवढं चालतं, मी 2.25 धरून ठेवतो म्हणजे दोन्हीकडे जागा राहते. आयोनिकसाठी मात्र हा मीटर निरुपयोगी आहे. जिथे अख्खा पट्टाच 0.10चा, तिथे 0.05ची चूक घेऊन काय करणार?

पावडर ब्लू वाचला. कॉपर एका दमात न चढवता काही दिवसांत हळूहळू वर नेलं, त्याचं खाणं चालू राहिलं, पट्ट्यात आल्यावर पूर्ण 30 दिवस धरून ठेवलं. स्वच्छ टँकमध्ये हलवायची सोय असेल तर 14 दिवसांत उरकतं, माझ्याकडे तेवढी जागा नाही. त्या काळात मीटरबद्दल कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता पुडी.

रिएजंट बारीक पावडरच्या रूपात छोट्या फॉइलच्या पुडीत येतं. पुडी हाताने सरळ फाटत नाही, कात्रीने कापावी लागते. कापली की कोपऱ्यात पावडर अडकते. कुपीचं तोंड अरुंद, पुडीचं तोंड त्याहून रुंद, त्यामुळे थोडी बाहेर सांडतेच. आणि हे सगळं ओल्या हातांनी, कारण नुकतंच टँकचं पाणी काढलेलं असतं. पुडीतली सगळी पावडर कुपीत पडली नाही तर रीडिंग कमी येतं. कमी रीडिंग बघून माणूस कॉपर वाढवतो. म्हणजे ज्या चुकीपासून वाचायला हजारो रुपये घातले, ती चूक या पुडीच्या कोपऱ्यात बसलेली आहे. एवढा चांगला ऑप्टिकल मीटर बनवणाऱ्यांना पावडर नीट ओतता येईल अशी एक नळी देता येऊ नये? थेंबांची बाटली देता येऊ नये? एका पुडीला साठ-सत्तर रुपये पडतात आणि त्यातली चिमूटभर दरवेळी कात्रीला लागते.

जूनमध्ये याचा कहर झाला. फॉक्सफेस नावाचा मासा आणला होता, तोही क्वारंटाइनमध्ये कॉपरवर. पाऊस धो धो, गॅलरीतल्या भिंतींना ओल, आणि ऑनलाइन मागवलेलं रिएजंटचं नवं पाकीट आलं. पहिली पुडी कापली तर आत पावडर नव्हतीच, बारीक गोळे होते. रीडिंग 1.32. आदल्या दिवशी 2.2 होतं, पाणी बदललेलं नव्हतं, टँकमध्ये कॉपर शोषणारा दगड नाही, कार्बन नाही. कॉपर जाणार कुठे? त्याच भांड्यातलं पाणी घेऊन त्याच पाकिटातली दुसरी पुडी टाकली: 1.90. जुन्या पाकिटातली शेवटची पुडी टाकली: 2.18. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून डोस दिला असता तर टँक 3च्या पुढे गेला असता आणि फॉक्सफेस हातचा गेला असता.

विकणाऱ्याला फोन केला.

“सर, एक्स्पायरीला अजून दोन महिने आहेत.”

“अहो, दोन महिन्यांत एवढ्या पुड्या संपणार कशा? आणि आत्ताच गोळे झालेत, त्याचं काय?”

“पावसाळ्यात होतं सर. कन्झ्युमेबलवर रिटर्न नसतो.”

सीलबंद फॉइलच्या आत पावसाळा कसा शिरला, हे विचारलं. उत्तर नाही. फोटो पाठवले, तिन्ही रीडिंगचा व्हिडिओ पाठवला, एकाच भांड्यातलं पाणी आहे हे दिसेल असा. चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेळा ऑर्डर नंबर विचारला आणि शेवटी पुढच्या खरेदीवर सूट देऊ म्हणाले. मला सूट नको होती. औषधाच्या मापावर माशाचा जीव आहे आणि तुम्ही खराब झालेलं माप विकलंत, एवढं मान्य करा म्हटलं. नाही केलं. त्या आठवड्यात हा मजकूर इथपर्यंत लिहिला होता आणि दोन तारे देणार होतो.

श्रावणात घातलेली भर:

तारे बदलतोय. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून नवं पाकीट आणलं. समोर तारीख बघून, एक पुडी हलवून, आत पावडर मोकळी सरकतेय की नाही हे हाताला जाणवल्यावरच पैसे दिले. या पाकिटातलं एकही रीडिंग बिनसलेलं नाही. म्हणजे मीटर निर्दोष होता, जूनमध्येही होता.

पुडीवर जो मार्ग काढलाय तो सांगतो. पाकीट हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि डबा गॅलरीत नाही तर आतल्या कपाटात. कापण्याआधी पुडीवर टिचक्या मारून पावडर खाली आणायची. दोन बाजू कापून चोच करायची आणि बटर पेपरच्या छोट्या नरसाळ्यातून ओतायची. हात कोरडे. कुपी बाहेरून पुसलेली, कारण बोटाचा ठसा किंवा पाण्याचा थेंब राहिला तरी प्रकाश अडतो आणि आकडा हलतो. शंका आली तर लगेच डोस द्यायचा नाही, दुसरी पुडी टाकायची. साठ रुपये जाऊ द्यावेत.

खर्चाबद्दलचं मतही बदललं. आधी मी रोज मोजा म्हणायचो. आता म्हणेन, उघड्या टँकमध्ये चिलेटेड कॉपर बऱ्यापैकी स्थिर राहतं. चढवत असताना रोज, पट्ट्यात आल्यावर दिवसाआड, आणि पाणी बदलल्यावर न चुकता. बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळून मीटरने बघून घेतलं तर टँकमध्ये उतार-चढाव होतच नाही. आपल्याकडे ऋतूंचाही फरक पडतो: एप्रिल-मेमध्ये पंखा लावून टँक थंड ठेवताना भराभर पाणी उडतं, कॉपर आणि सॅलिनिटी (खारटपणा) दोन्ही चढतात, आरओचं पाणी घालून रोज पातळी राखावी लागते. पावसाळ्यात हवेतच दमटपणा इतका की पाणी उडत नाही आणि पंख्याने टँक गारही होत नाही. तेव्हा एअर पंप वाढवा, कॉपरमधल्या माशाला ऑक्सिजन कमी पडता कामा नये.

अमोनिया चढला तर अमोनिया बांधणारं कंडिशनर कॉपरच्या पाण्यात घालू नका. त्याने कॉपर माशाला जास्त विषारी होऊ शकतं. पाणी बदला, हाच उपाय.

कुणी घेऊ नये, तेही लिहितो. दर 72 तासांनी मासा वाळवून नव्या पाण्याने भरलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवून व्हाइट स्पॉट काढणाऱ्यांना याची गरज नाही, त्या पद्धतीत औषधच नाही. मात्र अंगावर दाण्यांऐवजी बारीक धूळ दिसत असेल, मासा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा असेल, उजेडापासून पळत असेल, तर तो वेल्व्हेट, दुसऱ्याच परजीवीचा रोग, समजा. तिथे हलवाहलवीवर विसंबू नका, कॉपर लगेच हवं आणि मीटरही. नव्या क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा थर सुटत असेल तर तो ब्रूकलिनेला, तिसराच परजीवी, त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मालिन लागतं. आणि कोळंबी, गोगलगाय, कोरल असलेल्या टँकमध्ये कॉपरचा थेंबही नको, मीटर कितीही चांगला असला तरी.

मीटरला पाच, पुडीला दोन, विकणाऱ्याला शून्य. एकूण चार तारे.

एका माशासाठी एवढा खर्च परवडत नसेल तर चौघांत मिळून एक मीटर घ्या. नेरूळचा एक मित्र आणि मी आता तेच करतो, तो बाटलीत टँकचं पाणी घेऊन येतो आणि पुडी स्वतःची आणतो. ठाण्यात ज्यांना अडीअडचणीला रीडिंग हवं असेल त्यांच्यासाठीही माझा मीटर आहे. फक्त पुडीवरची तारीख बघून या.