चांदीच्या मुलाम्याचा जुना मेणबत्ती सेट: भाव खाते कात्री, काम करते टोपी

आत्याकडून आमच्याकडे आला, तिला तिच्या सासूबाईंनी दिलेला, त्याआधी कुणाचा होता ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मेणबत्ती विझवायची लांब दांड्याची टोपी, वात कापायची कात्री आणि तिचा लांबट ट्रे. शोकेसमध्ये न ठेवता वापरतो म्हणून लिहितेय.

कात्री बघून सगळे वेडे होतात. पात्यावर छोटी डबी आहे, कापलेली काजळी टेबलावर न सांडता तिच्यात पडते, आणि खाली बारीक पाय आहेत त्यामुळे ठेवलेली पटकन उचलता येते. पूर्वी वाती पिळलेल्या सुताच्या असायच्या, त्या पूर्ण जळायच्या नाहीत, नुसत्या लांबत जाऊन धूर करायच्या, मग सारखं कापत बसायचं. 1825 च्या सुमारास फ्रान्समध्ये विणलेली वात निघाली, ती जळताना वाकते आणि टोक आपोआप जळून जातं, आणि कात्रीचं कामच संपलं. आता पेटवण्याआधी वात छोटी करायला चालते, पण ग्लासातल्या मेणबत्तीत ही डबीवाली आत शिरतच नाही! पाचपैकी तीन.

टोपी मात्र एकदम भारी. फुंकर मारली की मेण उडतं, हिच्यानं हवा बंद होते नि ज्योत गपकन विझते, धूरही कमी. फक्त दाबायची नाही, वात वाकते. पाचपैकी पाच.

घरात सगळे दोनशे वर्षं जुना म्हणतात, पण ट्रेखाली ईपीएनएसचा शिक्का आहे, म्हणजे वीज वापरून दिलेला मुलामा, आणि त्याचं एल्किंग्टन या इंग्रज कारखानदाराचं पेटंटच 1840 चं, तर हिशोब जमत नाही (हे आत्याला सांगायची हिंमत कुणाची नाही). आतला धातू निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल, जस्त, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालाही नाही.

चिकटलेलं मेण सुरीनं खरवडू नका, गरम पाण्यात मऊ करून फडक्यानं पुसा. रबरबँड लावून ठेवायचं नाही, त्यातल्या गंधकानं काळे पट्टे पडतात. आणि दर आठवड्याला पॉलिश करत सुटू नका, प्रत्येक वेळी थोडा मुलामा जातोच, आमच्या ट्रेच्या कडा अशाच उघड्या पडल्यात. नवीन मुलामा देऊन घ्या असं घरात चाललंय, मी नाही म्हणतेय. कात्रीचा स्क्रू तेवढा ढिला झालाय, तो घट्ट करून घ्यायचाय.