६ महिने स्वतः कंपाईल केलेला कर्नल वापरून: कपाटातला ऑडिओ इंटरफेस महागात पडला

परवा घरचं नेट गेलं म्हणून मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडला, टेदरिंग ऑन केलं, तर लॅपटॉपला पत्ताच नाही. ६ महिन्यांत अशी फजिती दुसऱ्यांदा आणि कारण तेच, मी स्वतः कंपाईल केलेला (सोर्स कोडपासून बनवलेला) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणून सविस्तर लिहितेय.

लॅपटॉप जुना, आय३, त्यावर लिनक्स मिंट. कोथरूडला आमच्याकडे आई भजनं शिकवते, तिचं रेकॉर्डिंग मी करते. हेडफोन लावला की म्हणायची, "अगं, माझाच आवाज मला मागून येतोय, सूर कसा धरू?" बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा, लहान तितका उशीर कमी) ५१२ फ्रेम्सच्या खाली आणला की कडकड सुरू. लोलेटन्सी (कमी उशिराचा) तयार कर्नल लावून पाहिला, थोडाच फरक. दुकानदार म्हणाला नवा लॅपटॉप घ्या, पण चालता लॅपटॉप टाकून पन्नास हजार घालवणं मला पटत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ पासून रिअल-टाइमचा (आवाजासारखं काम ठरल्या वेळेत उरकण्याचा) पर्याय मेन कर्नलमध्येच आहे, वेगळा पॅच लागत नाही, म्हटलं करून बघू.

पहिल्यांदा मिंटची आख्खी कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) तशीच उचलली. सर्टिफिकेटची फाईल सापडत नाही म्हणून अडलं, ती ओळ रिकामी केली, मग रात्रभर पंखा घोंघावत होता आणि पहाटे डिस्क फुल! डीबग इन्फो (चुका शोधण्यासाठीची जादा माहिती, खूप जागा खाते) बंद करायचं राहिलं होतं. मग मेक लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड सापडली आणि तेच काम पाऊण तासात झालं.

घोळ इथेच आहे, नवीन लोकांनी हे नीट वाचा. लोकलमॉडकॉन्फिग फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग, उदा. ड्रायव्हर) ठेवतं, बाकीची उडवतं. त्या वेळी माझा ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडायची यूएसबी डबी) कपाटात होता. म्हणजे आवाजासाठी बनवलेल्या कर्नलमधून यूएसबी ऑडिओच गायब! एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी वस्तू दाखवणारी कमांड) इंटरफेस दिसतोय, साउंडच्या यादीत नाही, आणि मी दोन संध्याकाळी केबल बदलत बसले. तेव्हा लिहिलं असतं तर नवशिक्यांनी या फंदात पडूच नका असंच लिहिलं असतं.

आता मत बदललंय. जुना कर्नल ग्रबमध्ये (चालू होताना कर्नल निवडायचा मेनू) होताच, त्यात बूट करून इंटरफेस, पेनड्राईव्ह, प्रिंटर सगळं जोडलं आणि परत कॉन्फिग केली. युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये टाकून रिअल-टाइम प्रायॉरिटीची परवानगीही द्यावी लागते, नुसत्या कर्नलने भागत नाही. बफर १२८ वर आला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला १०.७ ऐवजी २.७ मिलिसेकंद. आईने डोळे मिटून आख्खा अभंग सलग म्हटला, एकदाही हेडफोन काढला नाही. माझे सगळे कष्ट तिथेच वसूल झाले.

फक्त त्या दिवशी मोबाईल जोडायचा राहिला, त्यामुळे टेदरिंगचं आरएनडीआयएस (यूएसबीवरून नेट देणारं) मॉड्यूल उडालं ते परवा कळलं. मेनूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग बदलायचा मेनू) स्लॅश दाबून शोधलं की सापडतं, तसंच घेतलं.

खरा त्रास अपडेट्सचा आहे. सिक्युरिटी फिक्स अपडेट मॅनेजरमधून या कर्नलला येत नाहीत, ६.१२ चा पुढचा पॉइंट रिलीज स्वतः उतरवा, ओल्डकॉन्फिग करा (जुनी कॉन्फिग नव्यात आणा), परत कंपाईल करा. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते आणि बॅटरी मेलेली आहे, म्हणून मी बुधवारी रात्रीच लावते. एकदा मध्येच लाईट गेलीही, पण परत मेक (कंपाईल करायची कमांड) दिलं तर राहिलेल्या फायलींपासूनच पुढे गेलं.

आत्ताही मेक चालू आहे. यावेळी यादी घेताना मोबाईल जोडलेला होता.