सेन्सर की ग्लुकोमीटर? आकडे जुळत नाहीत तेव्हा कोणाचं ऐकायचं

घरात कुणाला शुगर असेल आणि डॉक्टरांनी दंडावर सतत शुगर मोजून मोबाइलवर दाखवणारा सेन्सर लावून बघूया म्हटलं असेल, तर पहिल्याच दिवशी हमखास हे होतं: बोट टोचून १९० आणि मोबाइलवर १६२. मग चर्चा सुरू, मशीन खराब आहे, फसवलं आपल्याला, परत द्या. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, मोजायची जागा वेगळी असते इतकंच.

ग्लुकोमीटर थेट रक्तातली साखर मोजतो. सेन्सरची बारीक तार कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यात बसलेली असते, रक्तातली साखर तिथवर झिरपायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात आणि वर आकडा सारखा उड्या मारू नये म्हणून सेन्सर मागची रीडिंग्जपण हिशोबात धरतो, त्यात अजून थोडा वेळ जातो. शुगर स्थिर असेल, म्हणजे सकाळी उपाशीपोटी वगैरे, तर हा उशीर कळतसुद्धा नाही. पण उपवासाची साबुदाणा खिचडी खाऊन पाऊण तास झालाय आणि शुगर मिनिटाला २ ने चढतेय, तर १० मिनिटांचा उशीर म्हणजे सरळ २० चा फरक! उतरताना तेच उलटं होतं आणि खरी भीती तिथेच आहे, कारण रक्तात ६५ झालेली असते, माणसाला घाम फुटलेला असतो, आणि मोबाइल आपला निवांत ८० दाखवतोय.

लो झाल्यावर, म्हणजे शुगर फार खाली गेल्यावर, १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं असतं ना, तेव्हाही सेन्सर अजून खालचाच आकडा धरून बसलेला असतो, मग घरचे घाबरून अजून साखर, अजून पेढा देतात आणि तासाभराने २८०. त्या वेळी बोटच टोचा.

आता अचूकता. सेन्सरची चूक एमएआरडी म्हणून सांगतात, म्हणजे खऱ्या आकड्यापासून रीडिंग सरासरी किती टक्के लांब पडतं ते. कंपन्यांच्या अभ्यासात लिब्रे ३ या सेन्सरचा ७.९ टक्के आहे, डेक्सकॉम जी७ हा सेन्सर दंडावर लावला तर मोठ्यांमध्ये ८.२. या दोन आकड्यांवरून ब्रँड निवडत बसू नका, एवढ्याशा फरकाने घरच्या वापरात काही बदलत नाही. आणि ही सरासरी आहे, पहिल्या दिवशी बऱ्याचदा याहून जास्त चुकतं, म्हणून पहिल्या चोवीस तासांवरून मत बनवू नका.

ग्लुकोमीटरला आपण देव मानतो पण त्यालाही सूट आहेच. आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, २०१३ च्या नियमाप्रमाणे शंभरमधली ९५ रीडिंग्ज ठरावीक मर्यादेत आली की मशीन पास, आणि ती मर्यादा १०० च्या वर १५ टक्के. म्हणजे खरी शुगर २०० असताना १७० दाखवलं काय नि २३० दाखवलं काय, चालतं. त्यात आंबा कापून हात न धुता टोचलं तर विचारूच नका, साखर बोटावरची मोजली जाते.

सेन्सरचे स्वतःचे नखरे वेगळे. आमचे बाबा डाव्या कुशीवर झोपतात, सेन्सरही डाव्याच दंडावर, रात्री तीनला अलार्म, ५८! बोट टोचलं तर १०४. दंड दाबला गेला की तिथे रक्त कमी पोचतं आणि खोटा लो येतो. पुढचा उजव्या दंडावर लावला, मग शांतता. गोळ्यांचंही बघा, व्हिटॅमिन सीचा मोठा डोस किंवा पॅरासिटामॉल काही सेन्सरमध्ये आकडा फुगवतात, कुठलं औषध आणि किती ते मॉडेलनुसार बदलतं, त्यामुळे खोक्यातला कागद वाचाच.

मग घ्यायचं काय? इन्सुलिन चालू असेल, रात्री लो होत असेल, किंवा लो झालेलं कळतच नसेल, तर सेन्सर, आणि अलार्मवालाच. उशीर असला तरी शुगर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण आकड्याशेजारी दिसतो, बोटाच्या एका रीडिंगमध्ये ९० म्हणजे नुसतं ९०, चढतंय की उतरतंय काही कळत नाही. फक्त गोळ्यांवर आहात आणि शुगर ठीक आहे, तर दर पंधरा दिवसांनी काही हजार घालवण्यात मला अर्थ वाटत नाही, डॉक्टरांना विचारून एकदाच १४ दिवसांचा लावा, कुठल्या जेवणाने काय होतं ते बघून घ्या, पुढे ग्लुकोमीटर पुरे.

सेन्सर घेतला तरी ग्लुकोमीटर कपाटात टाकू नका. त्रास एक सांगतोय आणि आकडा भलताच, किंवा बाण सरळ वर नाहीतर सरळ खाली आहे आणि आत्ता इन्सुलिनचा डोस ठरवायचाय, तर बोट टोचूनच. आणि स्ट्रिपची डबी उघडली की वर तारीख लिहून ठेवा, बऱ्याच स्ट्रिप उघडल्यावर काही महिन्यांतच बाद होतात आणि सेन्सर लावलेल्या घरात ती डबी तशीच पडून असते.