सह्याद्रीतल्या पाली-सरड्यांसाठी आयनॅचरलिस्ट: कुठवर विश्वास ठेवावा

आयनॅचरलिस्ट हे जीवांचे फोटो चढवून त्यांची ओळख पटवून घेण्याचे ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि रेंज नसलेल्या सड्यावर केलेली नोंद घरी येऊन चढवता येते. २००८ साली बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही सेवा आता स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. पक्षी, फुलपाखरे आणि नेहमीची रानझाडे यांच्यासाठी ती बेधडक वापरावी. पाली, सरडे, बेडूक आणि विंचू यांच्या बाबतीत मात्र ती नाव कशी सुचवते ते आधी समजून घ्यायला हवे. नाहीतर चुकीचे नाव आपल्याच हातून पक्के होते.

एक खुलासा. मराठीत एकाची ‘जाती’ ती दुसऱ्याची ‘प्रजाती’ असते, आणि जुन्या पुस्तकांत प्रजाती हा शब्द जीनससाठीही येतो. म्हणून इथे सरळ स्पीशीज आणि जीनस हेच शब्द वापरले आहेत: स्पीशीज म्हणजे एका प्रकारचा जीव, आणि जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या स्पीशीजचा गट.

गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारा सरडा घ्या. वर्षानुवर्षे महाराष्ट्रातल्या बहुतेक पंखेवाल्या सरड्यांवर सिताना पाँटिसेरिआना हेच नाव चिकटवले जात होते. २०१६ साली खवले, हाडे आणि डीएनए एकत्र तपासल्यावर त्यांतून एक वेगळे जीनसच निघाले. त्याचे शास्त्रीय नाव आपल्याच शब्दावरून ठेवले गेले: सारडा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा निळा, काळा आणि नारिंगी पंख्याचा देखणा सरडा आता सारडा सुपर्बा आहे. नर पंखा उघडून बसलेला असेल, तर फोटोवरून जीनसपर्यंत नक्की पोचता येते. मादी किंवा पिल्लू असेल तर फोटोवरून स्पीशीज ठरवायला जाऊ नये.

निमास्पिस या छोट्या पालींचे प्रकरण आणखी अवघड आहे. ओलसर जंगलातल्या खडकावर राहणारी ही पाल मधली कोरडी, उघडी दरी सहसा ओलांडत नाही. दोन डोंगरांवरचे कळप लाखो वर्षे एकमेकांत मिसळले नाहीत, की दोन्हीकडच्या जनुकांत वेगवेगळे बदल साचत जातात आणि एकाच्या दोन स्पीशीज होतात. पण दोन्हीकडे खडक तसाच, सावली तशीच, खाणे तसेच. त्यामुळे रंगरूप फारसे बदलत नाही. फरक असतो तो नराच्या मांडीखालच्या छिद्रांच्या संख्येत, पाठीवरच्या खवल्यांत, बोटांखालच्या पट्ट्यांत आणि डीएनएत. वरून काढलेल्या फोटोत यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

ॲपचे नावे सुचवणारे यंत्र शिकलेले असते जुन्या, नाव लागलेल्या फोटोंवर. साधारण शंभर फोटो जमल्याशिवाय एखादी स्पीशीज त्याच्या अभ्यासक्रमात येत नाही. नव्याने वर्णन झालेली, एकाच डोंगरावरची पाल त्याला माहीतच नसते, म्हणून ते तिच्या प्रसिद्ध बहिणीचे नाव सुचवते. यादीच्या वर ‘हे बहुधा अमुक जीनसमधले आहे’ अशी ओळ दिसते. अवघड गटांत तीच निवडावी, खालच्या नावांना हात लावू नये.

फोटो काढताना एका जीवाची एकच नोंद, पण कोन अनेक ठेवावेत: बाजूने पूर्ण शरीर, डोके जवळून, पाठ, शेपटी, आणि जमले तर काचेवर किंवा कपारीवर चिकटलेली असताना खालची बाजू. पाल पकडू नये. संरक्षित प्राणी हाताळायला वनखात्याची परवानगी लागते. बेडकाचा फोटो नसला तरी चालेल, पण आवाज रेकॉर्ड करावा, कारण सारख्या दिसणाऱ्या बेडकांचे ओरडणे बऱ्याचदा वेगळे असते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चढवू नये. त्यातली तारीख आणि जागेची माहिती गळून पडलेली असते, आणि मग अंदाजाने भरलेला तालुका नकाशावर खरा म्हणून बसतो. बागेत लावलेले झाड असेल तर ‘लागवडीचे’ ही खूण करावी.

या सेवेची सर्वांत कच्ची बाजू ‘सहमत’ या बटणात आहे. दोन जणांनी एकच स्पीशीज सांगितली आणि दोनतृतीयांशांहून जास्त मते जुळली, की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाच्या दर्जाची, होते. परवाना अनुकूल असेल तर ती जीबीआयएफ या जीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते आणि तिथून संशोधकांच्या नकाशांत. मित्राने ओळखले म्हणून आपण ‘सहमत’ दाबले, तर मत एकच असते आणि मोजणी दोन होते. तोच फोटो पुढे यंत्राला शिकवायलाही वापरला जातो. स्वतः लक्षण पाहिले नसेल तर बटण सोडून द्यावे. आधीच्या नावापेक्षा वरची पातळी सुचवली की ॲप विचारते: ‘स्पीशीज माहीत नाही, पण जीनस नक्की’ की ‘ती स्पीशीज नाहीच’? पहिल्या पर्यायाने आधीच्या नावाला विरोध होत नाही, दुसऱ्याने होतो. घाईत दुसरा दाबून अनेक चांगल्या नोंदी मागे खेचल्या जातात.

‘काल स्पीशीज होती, आज फक्त जीनस दिसते’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. हा बिघाड नाही. एका स्पीशीजच्या दोन झाल्या की ॲपमधली नावांची यादी सांभाळणारे स्वयंसेवक (क्युरेटर) नावांची विभागणी करतात. दोघींचे प्रदेश नकाशावर स्पष्ट वेगळे आखलेले असतील तर जुन्या नोंदी जागेनुसार आपोआप वाटल्या जातात. नसतील तर त्या वर, सामाईक जीनसवर सरकतात. पुन्हा येऊन नाव द्यावे लागते, आणि तेही लक्षण तपासूनच. ॲपमधल्या नावांना सरपटणाऱ्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस ही ऑनलाइन यादी आणि वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाची यादी हे मुख्य आधार आहेत. नव्या शोधनिबंधातले नाव ॲपमध्ये दिसत नसेल, तर त्या जीनसच्या पानावर झेंडा (फ्लॅग) लावून क्युरेटरना कळवता येते.

शेवटी जागेचे. धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या स्पीशीजची जागा ॲप आपोआप ०.२ अंशाच्या चौकटीत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात लपवते. पण नव्याने वर्णन झालेल्या पालीला असा दर्जा अजून मिळालेला नसतो, त्यामुळे तिचा नेमका खडक जगभर दिसतो. पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजाराला तेवढे पुरते. टॅरँटुला (मोठे केसाळ कोळी), दुर्मिळ पाली आणि कंदीलपुष्पे यांच्या नोंदीत ‘जागा धूसर’ हा पर्याय नोंद चढवण्याआधीच निवडावा.