मुक्ता की लीलावती?

धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं आहे. जळगावला नावांची यादी दोनवर आली आणि फुई म्हणून कौल माझ्याकडे आला.

मूळ दोन्हींचं संस्कृत. मुक्ता म्हणजे मोती, आणि बंधनातून सुटलेलीही. लीलावती म्हणजे लीला करणारी, खेळकर. खानदेशाशी नातं मात्र मुक्ताचं घट्ट. संत मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला गुप्त झाल्या असं वारकरी मानतात. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते त्यांच्याच नावानं. वयोवृद्ध चांगदेवांनी या कोवळ्या मुलीला गुरू केलं, ही कथा मला फार आवडते.

लीलावती हा भास्कराचार्यांचा 1150 मधला गणिताचा ग्रंथ. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. त्या नातवाचं नावही चांगदेव! लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, ही आख्यायिका. घटिकापात्रात, म्हणजे पाण्यावर वेळ मोजायच्या भांड्यात, मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला म्हणतात. म्हणजे तिथंही मुक्ता आलीच.

वापराचं म्हणाल, तर लीलावती आजीच्या पिढीत राहिली. वर्गात दुसरी सापडणं कठीण. मुक्ताबाईतली ‘बाई’ गळाली आणि मुक्ता पुन्हा आधुनिक वाटू लागली. लिहायला मुक्ता सोपं. लीलावतीच्या इंग्रजी स्पेलिंगवर दर फॉर्मला घोळ, आणि हाकेत उरणार फक्त लीला.

घरात वारी असेल, नाव छोटं हवं असेल, तर मुक्ता. वेगळेपण हवं असेल आणि स्पेलिंग सांगत बसायची तयारी असेल, तर लीलावती. आमच्याकडे आजी हरिपाठवाली आहे, म्हणून मी मुक्ता सुचवलंय.