तापानंतर ब्लास्ट गेले. आता केमो घ्यायची की थांबायचं?

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला जबर न्यूमोनिया होतो. केमो सुरूच झालेली नसते. तो कसाबसा सावरतो आणि पुढच्या बोन मॅरो (अस्थिमज्जा) तपासणीत ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कच्च्या, कॅन्सरच्या पेशी, दिसेनाशा झालेल्या असतात. अशा केसेस थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "बरं वाटतंय ना, मग केमो कशाला?"

याचं उत्तर ल्युकेमिया कुठला आहे, यावर ठरतं.

आजार अ‍ॅक्युट मायलॉइड, म्हणजे एएमएल असेल, तर थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. असा आपोआप पडलेला उतार बहुतेकांच्या बाबतीत काही महिनेच टिकतो. केमोनं पडलेल्या उताराशी ताडून बघा. मॅरोत ब्लास्ट 5 टक्क्यांच्या खाली आले तरी डॉक्टर हात आखडता घेत नाहीत. पुढचे डोस देतात, आजार परतण्याचा धोका मोठा असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवतात, कारण मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या पेशी मागे उरतात. इतकी औषधं पोटात गेल्यावरही जो उतार पुरेसा धरत नाहीत, तो नुसत्या तापानं आला म्हणून पुरेसा कसा होईल? हाती आलेली सवड मात्र सोन्यासारखी आहे. तेवढ्यात इन्फेक्शन पुरतं आटोक्यात आणता येतं, ट्रान्सप्लांटसाठी दाता जुळतो का हे बघणारी भावंडांची एचएलए तपासणी उरकता येते.

थांबणं योग्य ठरतं ते दुसरीकडे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांच्या रक्तात ब्लास्ट दिसतात आणि बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप जातात. तब्येत फार बिघडली नाही, तर नुसती देखरेख पुरते. मात्र यातल्या साधारण 20 टक्के मुलांना पुढे चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया होतो, म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. उतारवयातला सीएलएल हा हळू वाढणारा ल्युकेमियाही तसाच: त्रास नसेल तर ठरावीक काळानं सीबीसी ही रक्ततपासणी करत राहायचं, औषध नाही.

आता प्रतिकारशक्तीचं काय? इन्फेक्शनमध्ये टीएनएफ, इंटरफेरॉन ही प्रतिकारशक्तीची संदेश देणारी प्रथिनं वाढतात, एनके आणि टी या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी चवताळतात. त्याच तडाख्यात ब्लास्ट मरत असावेत, असा कयास आहे. पण अशा पेशंटला त्याच वेळी अँटिबायोटिक आणि रक्तही दिलेलं असतं, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं हे सांगणं अवघड. भक्कम पुरावा ट्रान्सप्लांटमधून मिळाला. 1990 मध्ये म्युनिकच्या कोल्ब यांच्या गटानं, ट्रान्सप्लांटनंतर परतलेला सीएमएल (ल्युकेमियाचाच आणखी एक प्रकार) दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि जोडीला इंटरफेरॉन देऊन मागे हटवला.

प्रतिकारशक्तीला नुसतंच डिवचण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. फ्रान्सच्या जॉर्ज माते यांनी 1969 मध्ये एएलएल या ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये बीसीजी ही क्षयाची लस वापरून आशादायक निकाल मांडले. 1971 च्या ब्रिटिश चाचणीत मात्र बीसीजी घेतलेली मुलं आणि काहीच न घेतलेली मुलं यांत फरक दिसला नाही. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध सरस ठरलं. "इम्युनिटी वाढवा" म्हणून गुळवेलीचा काढा पुढे करणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्यात, आणि केमोच्या काळात यकृत धड असावं लागतं.

पेशंटच्याच टी पेशींना कॅन्सरवर नेम धरायला शिकवणारी कार-टी उपचारपद्धत ही वेगळी गोष्ट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी थेरपीला 2023 मध्ये भारतात मंजुरी मिळाली. पण तिचा नेम बी पेशींच्या आजारांवर आहे, एएमएलवर नाही. तेव्हा फाइल उघडून आधी आजाराचं पूर्ण नाव वाचा, आणि उतार पडला असेल तर मागे उरलेल्या, न दिसणाऱ्या पेशी शोधणाऱ्या एमआरडी तपासणीचं डॉक्टरांना विचारा.